चार बोटं वर

जयश्री पोटुशी असताना तिच्या सासूने, रंगूबाईने, गुळाचा डबा मुद्दाम माळ्यावर चढवून ठेवला होता. जयश्री ते विसरली नाही.

पुढे सासूची पाठ वाकली, तेव्हाच खर्डीच्या घरात नवं किचन झालं. "आय, हात वर करा बरं, तुमच्या मापानं कपाट करते," असं लाडानं म्हणत जयश्रीने टेप लावली. शहापूरचा दुकानदार म्हणाला, "म्हातारं माणूस हाय ना, मग लांब हँडल न्या, खालून धरता येतं." तिने इवलासा गोल नॉब उचलला आणि सुताराकडून म्हातारीच्या हातापेक्षा चार बोटं वर बसवून घेतला. गुळाचा डबा त्याच कपाटात गेला. "एवढा डबा काढून दे गो," म्हणून म्हातारी मरेपर्यंत विनवायची, आणि जयश्री ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आता जयश्रीही वाकली आहे. परवा सून रविना किचनमध्ये आली. बाळंतपणात तिच्या ताटात जयश्रीने तुपाचा थेंब पडू दिला नव्हता. रविनाच्या हातात टेप होती.



"आई, हात वर करा बरं, तुमच्या मापानं कपाट करते."