दुखशिरीची फेणी

नाताळच्या जेवणाला आईनं रांधलेल्या डुकराच्या मटणाचा पहिला घास घेतला आणि लुर्दीनचा नवरा थबकला. दोन वर्षांत त्यानं दारूला हात लावला नव्हता. मग त्यानं नुसता रस्सा मागितला. पुन्हा मागितला.

लुर्दीननं पातेल्यात वाकून वास घेतला. दुखशिरीची मुळं मुरवलेली फेणी मटणात आधीच घालतात. शिजताना दारू उडते, चव तेवढी राहते. ही फेणी मात्र मटण उतरवल्यावर ओतलेली होती, अख्खी बाटली; दारूचा वास तसाच होता.

"मांय, ह्यां काय केलंस?"

"दोन वर्सां तो तुझ्या मुठीत होतो," सासू हसली. "आज माझो झील परत इलो."

नवरा फेणीच्या कपाटाचं कुलूप ओढत होता. सासूनं कमरेची किल्ली काढून लुर्दीनच्या हातात ठेवली.

"बघतंस काय? नवरो मागता, उघड."