येळवशीची हाक

ऐन दुपारी कीर्तनकार राघवेंद्रबुवा पायवाट सोडून बनाबाईच्याच शेतातल्या कोपीकडं, सणापुरत्या बांधलेल्या खोपटाकडं, वळलेले दिसले, तशी ती सावध झाली.

“पाणी मागत्याल,” तिचा नवरा गुलाब म्हणाला.

“पाणी? आपल्या हातचं? काय तरी काम असंल. सोसायटीची निवडणूक आलीया.”

मार्गशीर्षातली अवस होती. येळवस. या दिवशी सगळं गाव शिवारात जेवतं आणि वाटेनं जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय कुणी घास घेत नाही. बनाबाईचं घर बुद्धाला शरण गेलं, तेव्हापासून कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पुजणं सुटलं होतं. हाक मारणं सुटलं नव्हतं. दरसाल ती बांधावर उभी राहायची. ‘जेवाया या.’ दरसाल वाटेवरून एकच उत्तर यायचं, ‘आत्ताच जेवलो.’ उपाशी माणसंही तेच म्हणायची. तिच्या हातचं खायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यंदा तर दुष्काळानं शिवारात हिरवं पान ठेवलं नव्हतं. कडबा जनावरांनाच पुरेना, म्हणून कोप तुराट्यांची. आंबील रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलो ज्वारीची. भज्जी, येळवशीची ती मिसळीची भाजी, वाळवून ठेवलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची.

“जेवाया या, बुवा,” ती सवयीनं म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता वळलीसुद्धा.

“आलो,” बुवा म्हणाले. चपला काढून ते कोपीत शिरले.

बनाबाईला धक्काच बसला. कालचं त्यांचं कीर्तन तिनं आपल्या ओट्यावर बसून ऐकलं होतं. लाऊडस्पीकर देवळाबाहेर राहणाऱ्यांनाही ऐकू येतो. ‘महिन्यांमध्ये मार्गशीर्ष मी आहे, असं देव सांगतो. म्हणून येळवशीला बांधावर येईल तो पाहुणा नव्हे, तोच.’ ऐकताना तिचे डोळे भरले होते. पण बोलणं वेगळं, जेवणं वेगळं.

बुवा वाटेकडं पाठ करून बसले होते.

“बघ की,” ती गुलाबच्या कानाशी पुटपुटली, “कुणाला दिसू न्हाय म्हणून पार आत सरकल्यात.”

बुवांनी आंबील तोंडाला लावली. गिळली का नुसती लावली, हे तिनं त्यांच्या गळ्याकडं बघून पारखलं. गिळली. वर आणखी मागितली.

“बुवा,” तिनं वाढता वाढता विचारलं, “आबारावांच्या पॅनलमधी हायसा का तुमी?”

“नाही हो, माय. भज्जीत मीठ जरा कमी पडलंय.”

तेवढ्यात वाटेवर बैलगाडी थांबली. सोसायटीचे चेअरमन आबाराव गाडीतूनच ओरडले, “गुलाब, बुवा गेले का रं हिकडनं? पानं वाढून थांबलोय आमी. सकाळधरनं पोटात कण न्हाय माझ्या. बुवा जेवल्याबिगर मी काय घास घ्यायचा न्हाय!”

गुलाबनं बनाबाईकडं पाहिलं. बनाबाईनं बुवांकडं. आता हे तोंड पुसतील, तिनं ताडलं. पाणी प्यायला थांबलो होतो म्हणतील. तेही म्हणतील का, कुणास ठाऊक.

बुवा कोपीबाहेर आले. मिशीला आंबील तशीच लागलेली.

“आत्ताच जेवलो, आबाराव,” ते म्हणाले. “इथंच. बनाबाईंच्या हातचं.”

इतक्या वर्षांत ते शब्द त्या बांधावर पहिल्यांदा खरे बोलले गेले.

बनाबाईनं पदर सावरला. हातात आंबिलीचा तांब्या घेऊन ती बांधावर चढली आणि दरसालच्याच आवाजात तिनं हाक मारली, “चेरमनसाब, तुमीबी या जेवाया.”

“आत्ताच जे...” आबाराव म्हणाले, आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.