सोळा दिवस कमी

चर्चच्या पत्रकावर नावं तशीच होती. 'या आठवड्यातले लग्नाचे वाढदिवस' या मथळ्याखाली तिसरी ओळ : अनंतराव आणि चारुलता साळवे, चाळीस वर्षं.

रुचिराने पत्रकाची घडी करून पर्सखाली सरकवली. बाबांची प्रत तिने दारातच आपल्याकडे घेतली होती. गुरुवारी चेन्नईतल्या सिरुसेरीच्या ऑफिसातून तिने चर्चच्या सेक्रेटरींना, जेबराजना, दोनदा फोन केला होता. आई गेली आहे, या रविवारी तेवढी नावं घेऊ नका. "डोन्ट वरी सिस्टर, मी काढतो," असं ते म्हणाले होते.

दफनाच्या दिवसापासून बाबा रडले नव्हते. नीट बोललेही नव्हते. भरल्या चर्चमध्ये आईचं नाव कानावर पडलं तर ते कोसळतील, एवढंच तिच्या मनात होतं. तिची स्वतःची प्रार्थना त्या दिवशीच थांबली होती. आजही ती आली होती ती बाबांना ऑटोतून एकट्याने येववत नाही म्हणून. गीत सुरू झालं तेव्हा सगळ्यांबरोबर उभी राहिली, पण पुस्तक तिने उघडलं नाही.

उपदेश संपला. जेबराज कागद घेऊन माइकपाशी आले. रुचिराने लांबूनच मान हलवली, नाही, नाही. त्यांचं लक्ष कागदात होतं. पहिलं जोडपं वाचलं, दुसरं वाचलं. ती जोडपी उठून आशीर्वादासाठी वेदीकडे गेली.

"मिस्टर अनंतराव अँड मिसेस सारुलता." तमिळ उच्चारात चारुलताचं सारुलता झालं होतं.

आणि ते थांबले. आपण काय वाचलं ते त्यांना तेव्हाच कळलं.  पुढच्या बाकावरची बाई कपाळाला हात लावून येशूला हाक मारत पुटपुटली, "अय्यो, येसप्पा."

बाबा उठले.

रुचिराने त्यांची बाही धरली. "बाबा, बसा. चुकून वाचलं त्यांनी."

"चुकून काय? आज अकरा जूनच आहे."

"बाबा, आई..."

"मला ठाऊक आहे. माझ्या हातांनी माती लोटलीय." बाबांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते मोठ्याने बोलत. इथे कुणाला मराठी येत नव्हतं, तरी सगळे ऐकत होते.

"चाळीस झालीच नाहीत," ती म्हणाली. ते तिला बोलायचं नव्हतं, तोंडून गेलं. "सोळा दिवस कमी पडले."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझी आईही अशीच. एकेक दिवस मोजायची. चाळीस झाली की टी. नगरला नेणार होती मला. म्हणाली होती, साडी मी निवडणार, तुम्ही दुकानात गप्प बसायचं." त्यांनी बाही हलकेच सोडवून घेतली. "देवाने सोळा दिले नाहीत म्हणून एवढ्या वर्षांचे उपकार मानायचेच नाहीत?"

ते एकेक बाक धरत पुढे गेले. वेदीच्या कठड्यासमोर दोन जोडपी गुडघे टेकून बसली होती. त्यांच्या शेजारी, डाव्या हाताला एका माणसापुरती गुडघे टेकायची गादी मोकळी ठेवून, बाबा सावकाश खाली बसले.

यादीतलं एक तरुण जोडपं गॅलरीतून उशिरा खाली आलं. नव्या नवऱ्याने मोकळी जागा पाहिली आणि बायकोला तिकडे बसायची खूण केली. बाबांनी गादीवर तळवा ठेवला.

"आळ् इरुक्कु," ते म्हणाले.

चेन्नईत अकरा वर्षं काढून बाबांना तमिळची जेमतेम दहा वाक्यं येत होती. त्यातलं हे एक. बसमध्ये शेजारची जागा धरून ठेवताना म्हणतात, माणूस आहे इथे.

कुणी हसलं नाही. तरुणाने बायकोला हाताला धरून पलीकडे, टोकाला नेलं.

पाळक रांगेने आशीर्वाद देत आले. एक हात नवऱ्याच्या डोक्यावर, एक बायकोच्या. बाबांपाशी ते थबकले. मग दोन्ही हात त्यांनी बाबांच्याच डोक्यावर ठेवले आणि इतर जोडप्यांपेक्षा बराच वेळ तसेच ठेवले. काय म्हणाले ते मागे ऐकू आलं नाही. बाबांचं "आमेन" मात्र आलं. आवाज फाटला होता, पण शब्द पुरा होता. त्यांचे खांदे हलत होते. रुचिराला वाटलं, झालं, कोसळले. पण ते रडत होते, एवढंच. कोसळले नव्हते.

जोडपी उठून परत गेली. बाबा उठेनात. गुडघे साथ देत नव्हते. पाळकांनी हात पुढे केला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. ऑर्गनवाला बोटं पट्ट्यांवर ठेवून थांबून राहिला.

"रुचिरा," बाबांनी मागे न बघता हाक मारली.

ती बाकांमधल्या वाटेने निघाली. सगळ्यांची नजर तिच्यावर होती. कठड्यापाशी पोचून तिने त्यांचा डावा दंड धरला आणि त्यांना उचलायला गुडघा मोकळ्या गादीवर टेकला.

"तिथे नको," बाबा हळूच म्हणाले.

 रुचिराने गुडघा उचलला, ओढणी आवरून धरली आणि मागून वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेली.