झाकून ठेवलेलं पाणी

विभाच्या आईचे वडील नौदलात पाद्री होते. महायुद्धात ते जहाजाबरोबर बुडाले. त्यांची कबर नाही, म्हणून आई दर वर्षी त्या दिवशी फोटोपुढे मेणबत्ती लावायची आणि म्हणायची, “माझ्या पपांना पाणी किती गार लागलं असेल गं!”

यंदा आई राहिली नव्हती. मेणबत्ती विभाने लावली, जपानमधल्या निशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरात. नवरा सॉफ्टवेअर कंपनीतून यायचा होता. त्याच्यासाठी टबातलं गरम पाणी तिथल्या रिवाजाप्रमाणे झाकून ठेवलेलं. सहा वर्षांची नुपूर आंघोळ उरकून तिच्या पायाशी खेळत होती.

न्हाणीघरातलं बोलणं स्वयंपाकघरात ऐकू यावं म्हणून भिंतीवर स्पीकर होता. त्यातून पाणी हलल्याचा आवाज आला. मग एक दमलेला पुरुषी आवाज मराठीत आशीर्वाद म्हणू लागला.

“आमेन,” नुपूर सवयीने म्हणाली.

विभा धावली. न्हाणीघरात कोणीच नव्हतं. झाकण बाजूला उभं होतं, आणि मघाशी अर्धा असलेला टब काठोकाठ आला होता, आत कोणी बसल्यासारखा.

बूच काढायला तिने पाण्यात हात घातला. मागून आलेल्या नुपूरने तो धरला.

“नको ना, आई. आत्ता कुठे त्यांची थंडी जातेय.”