पाठीमागची फुली

"जरा जवळ जवळ उभे राहा," अतुल स्टँडवरच्या कॅमेऱ्यातून बघत म्हणाला.

डेट्रॉइटच्या त्या रस्त्यावर आता हा एकच ब्लूज क्लब उरला होता. त्याच्या विटांच्या भिंतीसमोर चौघं उभी. ड्रमवाला म्हातारा लूशियस, गाणारी मिस वर्नेल, तिचा गिटारवाला भाऊ. आणि गळ्यात बेस गिटार अडकवलेली अतुलची मुलगी, आश्लेषा.

"फोटो झाला की नोव्हायला, घरी निघायचं, आशू. परत इकडे यायचं नाही."

"बाबा, प्लीज. नॉट नाऊ."

लूशियसला शब्द कळले नाहीत, सूर कळला. "बापाचं ऐक, पोरी. माझा बाप म्हणायचा, डेंटिस्ट हो. ऐकलं असतं तर आज तोंडात दात तरी असते."

सगळे हसले. अतुलसुद्धा.

तेवढ्यात पालिकेचा एक पांढरा ट्रक येऊन थांबला. हेल्मेटवाला माणूस रंगाचा स्प्रे घेऊन उतरला आणि कोणाकडे न बघता त्यांच्या मागून भिंतीपाशी गेला. फुस्स. थोडं थांबून परत, लांबलचक फुस्स.

हसणं बंद झालं. पण मागे कोणीच वळलं नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या घराच्या भिंतीवर हाच आवाज झाला होता. मग बुलडोझर आला. आता तिथे नुसती माती होती.

ट्रक निघून गेला.

"फुली?" लूशियसने विचारलं.

"हो."

"केवढी?"

अतुलने कॅमेऱ्यावरून नजर वर केली. "मोठी आहे."

"फोटोत नको ती," मिस वर्नेल म्हणाली. "एवढा एकच फोटो राहणार आमचा. चला, मागे सरका."

चौघं भिंतीला खेटून उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. अतुलने परत कॅमेऱ्यातून बघितलं.

"अजून दिसतेय."

"कुठे?"

"आशूच्या बाजूला. एक माणूस मावेल एवढी."

आश्लेषा नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

अतुलच्या हातात गाडीची किल्ली होती. ती त्याने खिशात टाकली, टायमर लावला आणि धावत जाऊन तिच्या शेजारी भिंतीला टेकला. नारिंगी रंग अजून ओला होता. शर्टातून गारेगार पाठीला लागला.

"हसा," मिस वर्नेल ओठ न हलवता म्हणाली.

समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. आधी सावकाश. मग भराभर.