मॅटवरचा नियम

आपल्या लेकीने कुणापुढे दबता कामा नये, म्हणून बाबा स्वतः चिमणीला क्लास दाखवत हिंडले. कराटेच्या क्लासातला आरडाओरडा ऐकून तिने कानांवर हात ठेवले. बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज तर तिच्या डोक्यापेक्षा मोठे होते. तिने नाक मुरडलं.

ज्युदोच्या हॉलमध्ये मात्र ती दारातच खिळली. एका धिप्पाड मुलीने एका किडकिडीत मुलीला मॅटवर दाबून धरलं होतं. खालच्या मुलीने दोनदा मॅटवर हाताने थोपटलं, तशी वरची मुलगी लगेच बाजूला झाली.

"थोपटलं की सोडतात?" चिमणीने सरांना विचारलं.

"सोडावंच लागतं. समोरचा कितीही ताकदीचा असू दे."

"मग मला हेच शिकायचंय."

बाबा पोट धरून हसले. "अगं, हातपाय हलवायच्या आधीच हार मानायला शिकणार का?"

दोघं घरी आले, तेव्हा जेवण अजून चुलीवरच होतं.



बाबांच्या गुडघ्याखाली दबलेल्या आईला चिमणी स्वयंपाकघराच्या दारातून कळवळून सांगत होती, "आई, फरशीवर दोनदा थोपट ना. मग त्यांना सोडावंच लागतं."