फडक्यातला घड

गडी धाकूने कुऱ्हाड उचलून खजुरीच्या बुंध्यावर नेम धरला, तेवढ्यात सुमेधा मागच्या दारातून धावत आली. कडेवर जया. पोर वर्षाची होत आली, तरी तिचं वजन म्हणून जाणवत नसे.

"थांब, धाकू. आधी मला घड उतरवून दे."

"आता काय दाखवणार आहेस?" पायरीवर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "दरसाल बघतोय, नुसत्या आठळ्या! झाड किडकं, तशीच पोर किडकी. कुशीतच खोट, दुसरं काय. आज हे जाऊ दे. उद्या तूही पोरीला घेऊन जा डोंबिवलीला, बापाकडे. त्र्यंबकशी बोललेय मी."

सुमेधाचा नवरा त्र्यंबक विहिरीपाशी दात घासत होता. त्याने चूळ भरली.

धाकूने दोन घड उतरवले. एक उघडा. दुसरा त्र्यंबकच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला. थंडी सरताना सुमेधाने तो बांधून घेतला, तेव्हा सासूबाईंनी आळीभर सांगितलं होतं, "सूनबाईंनी झाडाला सोवळ्यात बसवलंय हो!"

तिने फडक्याची गाठ सोडली. आतली फळं अंगठ्याएवढी, पिवळीधमक, गराने भरलेली. उघड्या घडातली बोराएवढी. दाबली की लगेच बोटाला आठळी लागे.

"झाड एकच आहे, माई," ती म्हणाली. "उघड्या घडावर कुंपणापलीकडच्या काळुरामच्या शिंदीची, त्या रानखजुरीची, फुलांची भुकटी पडते. ती शिंदी नर आहे. दारूबंदी झाल्यापासून तिला ताडीसाठी कुणी छेदत नाही, नुसती फोफावलीय. या घडावर मी कल्याणच्या निर्वासितांच्या कँपातून खऱ्या खजुराच्या नराचा तुरा आणून झटकला, आणि वर फडकं बांधलं. फळ कसं धरतं, ते नरावरही असतं. कॉलेजात शिकलेय मी."

सासूबाईंनी एक फळ पाहिलं, मग दुसरं. मग जयाकडे पाहिलं. आणि मग मुलाकडे.

"म्हणजे खोट माझ्या त्र्यंबकात?"

"मी झाडाचं बोलतेय."

"झाडाचं! कळतं हो आम्हांला, कॉलेजात गेलो नसलो तरी. मग तूही बांध फडकं, आणि जा कँपात!"

धाकूने मान खाली घातली. सुमेधाने त्र्यंबककडे पाहिलं.

तो हात पुसत आला. फडक्यातलं एक फळ उचललं, सावकाश चावलं, आठळी तिच्या पायांजवळ थुंकली.

"गोड आहे," तो म्हणाला. "धाकू, हा घड आत नेऊन ठेव. मग झाड तोड."

"तोरू ना, दादा?" धाकूने पुन्हा विचारलं.

"सांगितलं ना एकदा!"

सुमेधाने जयाला दुसऱ्या कडेवर घेतलं. बुंध्याला लागून खजुरीचं एक पिल्लू फुटलं होतं, गुडघ्याएवढं.

"धाकू, आधी ते पिल्लू सोडव. मुळं तुटू देऊ नकोस."

"कुठं लावाचा, वैनी?"

"डोंबिवलीला."

त्र्यंबकने चमकून वर पाहिलं. सासूबाई हसल्या. "एकटं काय फळणार आहे ते तिथे?"

सुमेधाने फडकं उचलून झटकलं. त्यात गळून राहिलेली पिवळी फळं त्र्यंबकच्या पायांशी घरंगळली. मग ती खाली बसली आणि पिल्लाच्या मुळांभोवती तेच फडकं मातीसकट घट्ट आवळू लागली.

"तिथून कँप जवळ आहे, माई. आणि कुंपणापलीकडे शिंदी नाही."